गुपित गेले, अबोला उरला

मार्च महिना उजाडला की आपणां विद्यार्थ्यांच्या पोटात परीक्षेचा गोळा उठतो. पण ह्याच महिन्याच्या ३१ तारखेला आपल्या घरातील कर्त्या माणसांचेही एक वर्ष संपत असते आणि त्यांचीही एक परीक्षा तेथून सुरू होते, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. सरकारी कचेरीतला लिपिक असो, जिल्हा परिषदेतला अभियंता असो की आपल्याच महाविद्यालयातले प्राध्यापक असोत, त्यांच्या वर्षभराच्या कामावर कोणीतरी चार ओळी लिहितो, एक प्रत किंवा काही गुण देतो आणि त्या चार ओळी त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या वाटेवर उभ्या राहतात. बढती मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्यांवर ठरते. आपल्या परीक्षेला निदान नेमलेला अभ्यासक्रम असतो, प्रश्नपत्रिका असते, गुण कमी वाटले तर फेरतपासणीचा अर्ज असतो. मोठ्यांच्या ह्या परीक्षेत काय असते, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

कला शाखेच्या वार्षिकात कथा-कवितांच्या शेजारी हा रुक्ष कचेरीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर साधे आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला जोखणे, आणि जोखून झाल्यावर ते शब्दांत मांडणे, ह्याहून अधिक मानवी आणि अधिक अवघड गोष्ट दुसरी कोणती? शिवाय आपल्यातील बहुतेक जण दोन-चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसणार आहेत. आधी आपल्यावर शेरे लिहिले जातील आणि पुढे कधीतरी आपणच दुसऱ्यावर शेरे लिहू. तेव्हा ह्या विषयाचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

आपल्याकडे ह्या कागदाचे जुने नाव 'गोपनीय अहवाल' असे होते. नावातच सारा स्वभाव आला. साहेबाने लिहायचा, त्याच्या वरच्या साहेबाने पाहायचा, आस्थापना शाखेच्या कपाटात कुलूपबंद करायचा आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याने मात्र तो बघायचा नाही. फक्त शेरा प्रतिकूल असेल तर तेवढा त्याला कळवायचा, अशी रीत होती. बाकी सारी झाकली मूठ सव्वा लाखाची! ह्या गुप्ततेच्या बाजूने सांगितले जाई ते असे की, अहवाल उघडा पडला तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाही. पण जे तोंडावर सांगण्याचे धैर्य होत नाही ते पाठीमागे लिहिण्याला मोकळेपणा म्हणावे काय? आपल्या घरांतून एक जुनी म्हण आहे, नावडतीचे मीठ अळणी. गुप्त अहवालात मीठ अळणी आहे की जीभच रुसलेली आहे, हे तपासायला कोणालाच वाव नव्हता.

ही मूठ उघडायला न्यायालयांना पुष्कळ वर्षे लागली. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने गुरदियाल सिंग फिजी ह्यांच्या खटल्यात सांगितले की, प्रतिकूल शेरा त्या माणसाला कळवल्याशिवाय त्याच्या आधारे बढती नाकारता येणार नाही. कळवायचा कशासाठी, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. एक, त्याला आपले काम सुधारण्याची संधी मिळावी म्हणून, आणि दोन, त्याला आपली बाजू मांडता यावी म्हणून. वाचकांनी ही दोन कारणे कृपा करून ध्यानात ठेवावीत, कारण माझे पुढचे सारे म्हणणे ह्या दोहोंवरच उभे आहे.

तरी एक फट राहिलीच होती. प्रतिकूल म्हणजे काय? देव दत्त नावाचे सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतले एक कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी मागील पाच वर्षांचे अहवाल 'फार चांगले' असावे लागत. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' अशी नोंद झाली. 'चांगला' हा काही वाईट शब्द नव्हे, म्हणून तो त्यांना कोणी कळवला नाही. आणि त्या एका चांगल्या शब्दापायी त्यांची बढती गेली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा की, नोंद वाईट असो, साधारण असो, चांगली असो की फार चांगली असो, प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. निकाल लागला तेव्हा हे गृहस्थ सेवानिवृत्त झालेले होते. नोंद सुधारली गेली तर मागील तारखेपासून बढतीचा विचार करावा, असे न्यायालयाला सांगावे लागले. चौदा वर्षे एका शब्दाची वाट पाहावी लागली, असा ह्याचा अर्थ.

त्यानंतर मात्र गाडा हलला. केंद्र सरकारने मे २००९ मध्ये ह्या कागदाचे नावच बदलले. 'गोपनीय' हा शब्द गेला आणि 'कार्यमूल्यमापन' हा शब्द आला. अहवाल संपूर्णपणे कर्मचाऱ्याला दाखवावा, त्याला पटला नाही तर पंधरा दिवसांत त्याने आपले म्हणणे मांडावे आणि त्यावर तीस दिवसांत निर्णय व्हावा, असे ठरले. शब्दांबरोबर दहापैकी गुण आले. आठ ते दहा म्हणजे उत्कृष्ट, सहा ते आठ म्हणजे फार चांगला, चार ते सहा म्हणजे चांगला. महाराष्ट्र शासनानेही २०११ च्या शासन निर्णयाने ह्याच वाटेवर पाऊल टाकले. आज कर्मचारी आधी स्वतःच्या कामाचा आढावा स्वतः लिहितो, मग प्रतिवेदन अधिकारी लिहितो, मग पुनर्विलोकन अधिकारी ते तपासतो आणि शेवटी त्याची प्रत ज्याची त्याला मिळते. कागदोपत्री तरी ह्यात आता नाव ठेवायला जागा नाही.

मग प्रश्न संपला काय? माझ्या घरातलाच एक प्रसंग सांगते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तालुक्याच्या गावी एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हाती अहवालाची प्रत पडली. दरवर्षीची 'निश्चित चांगला' ही प्रत एका पायरीने खाली येऊन नुसती 'चांगला' झाली होती. शेरा एकच होता, 'कामात अधिक लक्ष देणे आवश्यक.' शिपायाने लिफाफा दिला, वहीत सही घेतली आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. वर्ष संपले होते मार्चमध्ये, प्रत आली दिवाळीनंतर. रात्री जेवताना आई म्हणाली, "अहो, साहेबांनाच विचारा की, काय कमी पडलं म्हणून." अण्णा म्हणाले, "कुणाला विचारू? साहेब जूनमध्येच बदलून गेले." आणि थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणावे तसे म्हणाले, "कशात लक्ष द्यायचं ते लिहिलं असतं, तर तिथं दिलं असतं."

अण्णांचे हे एक वाक्य म्हणजे माझ्या मते साऱ्या कार्यमूल्यमापनाची कसोटी आहे. त्यांच्यापासून काही लपवलेले नव्हते. नियमाप्रमाणे प्रत मिळाली, दाद मागायची मुदतही मिळाली. १९७९ च्या निकालातले दुसरे कारण, म्हणजे बाजू मांडण्याची संधी, ते पुरे झाले. पण पहिले कारण? सुधारण्याची संधी कुठे आहे? जे वर्ष सरून गेले त्यातल्या अज्ञात उणिवेविषयी, निघून गेलेल्या साहेबाचा, आठ महिन्यांनी आलेला शेरा! ह्यालाच आपण वरातीमागून घोडे म्हणतो. कायद्याने गुपित काढून टाकले; अबोला मात्र तसाच राहिला. आणि अबोला काढणे कायद्याच्या हाती नाही, ते त्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या दोन माणसांच्या हाती आहे.

हा अबोला केवळ आपल्याच देशातला किंवा केवळ आपल्याच काळातला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क येथील कापड गिरण्यांत रॉबर्ट ओवेन ह्या सुधारक गिरणीमालकाने एक युक्ती काढली होती. प्रत्येक कामगाराच्या जागेवर लाकडाचा एक लहानसा चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला आणि पांढरा म्हणजे उत्तम. आदल्या दिवसाच्या कामाप्रमाणे देखरेख करणारा तो रंग समोर फिरवून ठेवी आणि रोजची नोंद एका वहीत होई. ओवेन गिरणीतून फिरताना रंग पाही आणि काही न बोलता पुढे जाई. त्या काळी कामगारांना मारहाण होत असे हे लक्षात घेतले, तर ही मोठीच माणुसकी होती. त्यात दोन गुण निश्चित होते. रंग रोजच्या रोज कळे, आणि तो मान्य नसेल तर कामगाराला ओवेनकडे दाद मागता येई. पण तिसरी गोष्ट त्या ठोकळ्यात नव्हती. काळा रंग का आला आणि उद्या पांढरा कसा यायचा, हे लाकूड सांगू शकत नव्हते. म्हणून त्याचे नावही 'मूक निरीक्षक' असेच पडले. आज दोनशे वर्षांनंतर आपल्या दहापैकी गुणांच्या तक्त्याकडे पाहिले की मला तो ठोकळा आठवतो. फरक इतकाच की, तो रोज फिरे आणि आपला वर्षातून एकदा फिरतो.

आता आपल्या अनुभवातली एक गोष्ट घेऊ. आपल्या महाविद्यालयात एकांकिकेच्या तालमी चालतात तेव्हा दिग्दर्शक काय करतो? "तुझं काम समाधानकारक नाही," एवढे बोलून तो घरी जातो काय? तो सांगतो, "दुसऱ्या प्रवेशात दाराकडे जाताना तू वाक्य अर्धवट सोडतेस, ते शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. आधी वाक्य पुरं कर, मग वळ." दुसऱ्या दिवशी ती मुलगी वाक्य पुरे करते. हे झाले दिग्दर्शकाचे काम. पुढे स्पर्धेच्या दिवशी समोर परीक्षक बसतात. ते कोणाला हात धरून शिकवत नाहीत. ते पाहतात, गुण देतात आणि क्रमांक जाहीर करतात. दोन्ही माणसे आवश्यक आहेत, पण त्यांची कामे निराळी आहेत. दिग्दर्शकाला आपली अडचण मोकळेपणी सांगता येते. परीक्षकापुढे मात्र प्रत्येक जण आपली उणीव झाकू पाहतो, आणि त्यात वावगे काही नाही.

कचेरीतल्या साहेबाची पंचाईत अशी की, हे दोन्ही पोशाख त्यालाच चढवावे लागतात. आणि बहुतेक वेळा तो वर्षभर एकही चढवत नाही व वर्षाच्या शेवटी दोन्ही एकदम चढवतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ह्याचा अभ्यास झाला होता. हर्बर्ट मेयर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच ह्या तिघांनी १९६५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की, वार्षिक बैठकीत टीका केली की माणूस सुधारण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो. नुसत्या कौतुकाचाही फारसा परिणाम होत नाही. सुधारणा होते ती दोघांनी मिळून नेमके उद्दिष्ट आणि मुदत ठरवली म्हणजे. म्हणून पगारवाढीचा निर्णय आणि काम सुधारण्याची चर्चा ह्या दोन गोष्टी एकाच बैठकीत करू नयेत, आणि शिकवणे वर्षातून एकदा न होता रोजच्या कामात व्हावे, असे त्यांनी सुचवले. आपल्या नाटकाच्या तालमीत जे उघड दिसते तेच मोठ्या कारखान्यात मोजून पाहिल्यावर निघाले.

दुसरा एक विचार ह्याहून खोल आहे. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, ज्यांनी १९५० नंतर जपानी उद्योगांना गुणवत्तेचे धडे दिले, ते आपल्या व्याख्यानांत एक खेळ करून दाखवीत. एका पेटीत ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी मिसळलेले असत. श्रोत्यांतून सहा 'कामगार' निवडायचे. पन्नास खाचांची एक फळी पेटीत बुडवून प्रत्येकाने पन्नास मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. तो निघता कामा नये! अर्थातच कोणाचे सात निघत, कोणाचे बारा, कोणाचे पंधरा. मुकादम झालेले डेमिंग सात मणीवाल्याची पाठ थोपटत, पंधरावाल्याला दटावत, आणि पुढच्या खेपेला पाठ थोपटलेल्याचेच जास्त लाल मणी निघत. सभागृहात हशा पिके. पण हशा ओसरल्यावर प्रत्येकाला उमजे की, लाल मणी कामगाराने केलेले नव्हते, ते पेटीतच होते. डेमिंग ह्यांनी 'आउट ऑफ द क्रायसिस' ह्या ग्रंथात वार्षिक गुणांकनाला उद्योगांच्या सात जीवघेण्या रोगांत बसवले आहे.

आपल्या कचेऱ्यांत असे लाल मणी थोडे नाहीत. समजा, एका शाखेत चार लिपिकांच्या जागा आहेत, त्यांतल्या दोन रिकाम्या आहेत, आणि उरलेल्यांपैकी एकाला निवडणुकीच्या कामावर पाठवले आहे. अशा वेळी जो एकटा मागे उरला त्याच्या टेबलावर टपाल साचणारच. त्याच्या अहवालात 'प्रकरणे प्रलंबित राहतात' असा शेरा पडला तर ते वाक्य खरे असते. पण न्याय्य असते काय? साहेबाने शेरा लिहिण्याआधी समोर बसवून "हे का साचलं?" एवढे विचारले असते, तर शेरा कदाचित माणसावर न पडता रिकाम्या जागांवर पडला असता. संवादाने फक्त कर्मचारीच सुधारतो असे नाही. पेटीतले मणी कोणते आणि हाताचा दोष कोणता, हे साहेबालाही त्यातूनच कळते.

डेमिंग तर म्हणत की ही प्रथाच बंद करा. मला मात्र तिथपर्यंत जाणे पटत नाही. आपल्याकडे अहवालच नसेल तर बढत्या कशावर होतील? केवळ ज्येष्ठतेवर, किंवा ओळखीवर, किंवा साहेबाच्या घरी दिवाळीत कोण फराळ घेऊन गेले ह्यावर! लिहिलेला शेरा निदान तपासता येतो. मनातला शेरा तपासता येत नाही. म्हणून अहवाल असावा, पण तो वर्षभराच्या बोलण्याचा सारांश असावा. ज्या अहवालात वाचणाऱ्याला एकही नवी गोष्ट सापडत नाही, तो उत्तम अहवाल, असे मी म्हणेन. कारण त्यातले सारे त्याला आधीच, वेळेवर, तोंडावर सांगितलेले असते.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, अहवाल उघडे झाल्यापासून अधिकारी वाईटपणा घेत नाहीत. सरसकट सर्वांना वरची प्रत देऊन टाकतात. सब घोडे बारा टक्के! हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे कारण उघडेपणात नसून अबोल्यात आहे असे मला वाटते. ज्याने वर्षभर एक शब्दही उच्चारलेला नाही, त्याला वर्षाअखेरीस कमी गुण लिहिताना भीती वाटणारच, कारण त्याच्यापाशी दाखवायला काही नसते. ज्याने जुलैमध्ये सांगितले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारले आणि दोन्ही वेळा टिपण ठेवले, त्याला एप्रिलमध्ये खरे लिहायला कसली भीती? काही खासगी कंपन्यांनी ह्या रोगावर दुसरेच औषध काढले होते. ठरावीक टक्के लोकांना खालचा क्रमांक द्यायचाच, असा दंडक त्यांनी घातला. पुण्या-मुंबईच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरीला लागलेले आपले माजी विद्यार्थी 'बेल कर्व्ह' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतात, ते एकदा ऐकावे. दहा जणांच्या चांगल्या गटातही कोणीतरी एक नापास ठरलाच पाहिजे, असे झाले की शेजारी शेजाऱ्याला मदत करीनासा होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ही पद्धत २०१३ साली सोडून दिली. सर्वांना सारखे म्हणणे जितके खोटे, तितकेच आधी टक्के ठरवून मग माणसे त्यात बसवणेही खोटे.

दुसरा आक्षेप वेळेचा. साहेबाच्या हाताखाली वीस माणसे. प्रत्येकाशी बोलत बसला तर काम कधी करणार? मी हिशेब मांडते. एका माणसाला तीन महिन्यांतून अर्धा तास दिला, तर वर्षाचे दोन तास होतात. वीस माणसांचे चाळीस तास, म्हणजे वर्षभरात कचेरीचा जेमतेम एक आठवडा. हाताखालच्या वीस माणसांना नीट ओळखण्यासाठी वर्षातला एक आठवडा जास्त आहे, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने मग आपले काम नेमके कोणते, ह्याचा विचार करावा.

तिसरा आक्षेप आपल्या स्वभावाचा. आपल्याकडे साहेबाला तोंडावर प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजतात, आणि साहेबानेही हाताखालच्याची चूक सांगितली तर त्याला तो अपमान वाटतो. हे खरे आहे. पण अपमान होतो तो शब्दांच्या मोघमपणामुळे. "तुम्ही कामचुकार आहात" असे म्हटले की माणूस पेटतो. "गेल्या तीन महिन्यांत तीस दिवसांवर राहिलेली अकरा पत्रं तुमच्याकडे आहेत, ती कशामुळे राहिली?" असे विचारले की तो उत्तर शोधू लागतो. पहिले वाक्य माणसावर आहे, दुसरे कामावर. मोघम शेरा म्हणजे साप समजून भुई धोपटणे. धोपटणारा दमतो, साप निघून जातो आणि उगाच धूळ मात्र उडते. येथेच मला आपल्या कला शाखेचा उपयोग दिसतो. नेमका शब्द निवडणे आणि विशेषणाऐवजी वस्तुस्थिती लिहिणे, ही आपल्या भाषेच्या तासांची शिकवण आहे. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याची फार गरज आहे.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या कामाला गुण लावले. किती तास शिकवले, किती निबंध छापले, किती चर्चासत्रांना गेले, ह्या सर्वांची बेरीज बढतीसाठी मागितली जाऊ लागली. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुकाळ झाला, आणि २०१८ साली आयोगालाच आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षीच्या नव्या विनियमांत गुणांची जुनी रीतही बदलली. एखादे सर तास संपल्यावर वऱ्हांड्यात उभे राहून एका बुजऱ्या मुलाची शंका अर्धा तास सोडवतात, ते कोणत्या रकान्यात बसायचे? जे मोजता येते तेच काम, असे एकदा ठरले की माणसे मोजता येणारेच काम करू लागतात.

आणि आपण विद्यार्थी? आपल्याकडेही वर्षाच्या शेवटी अभिप्रायाचा नमुना येतो. वर्गात पाहावे तर पाच मिनिटांत साठ नमुने भरून होतात, पहिल्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत 'उत्तम'वर एकच सरळ खूण! आपण साहेबांना नावे ठेवतो ते ज्यासाठी, तेच येथे आपल्या हातून घडत असते. "सर, आपण संदर्भ सांगता ते फळ्यावर लिहिलेत तर आम्हांला ग्रंथालयात शोधता येतील," असे एक नेमके वाक्य त्या साठ खुणांपेक्षा मोलाचे आहे. ते सप्टेंबरात, आदराने, समक्ष सांगितले तर त्याचा उपयोग ह्याच वर्गाला होईल. मला खात्री आहे की आपल्या गुरुजनांना त्याचा राग येणार नाही. आणि आलाच, तर तोही संवादाचा आरंभच म्हणायचा.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. वर्षाच्या आरंभी साहेबाने आणि कर्मचाऱ्याने समोरासमोर बसून ह्या वर्षी कोणती चार कामे महत्त्वाची हे ठरवावे आणि लिहून ठेवावे. दर तीन महिन्यांनी अर्धा तास त्यावर बोलावे, आणि त्या अर्ध्या तासात गुणांचा विषय काढू नये. जे न्यून दिसेल ते तारखेसह, प्रकरणासह सांगावे, आणि "ह्यात माझ्याकडून काय हवं?" हेही साहेबाने विचारावे. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने खुर्ची सोडण्यापूर्वी प्रत्येकाला बोलावून आपला अहवाल त्याच्यासमोर वाचून दाखवावा. ज्याने निदान तीन महिने काम पाहिले त्यानेच अहवाल लिहावा, असा नियम आहे. जो तीन महिने पाहू शकतो, तो तीन मिनिटे बोलूही शकतो. ह्यासाठी नवा कायदा नको, नवा छापील नमुना नको, पैसा तर नकोच नको.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी मामलेदार होईल, कोणी मुख्याध्यापक, कोणी बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक. एप्रिल-मे महिन्यात आपल्यासमोर कोऱ्या अहवालांचा गठ्ठा येऊन पडेल. प्रत्येक कागदावर एक नाव असेल, आणि त्या नावामागे एक घर असेल, जिथे रात्री जेवताना आपले शब्द वाचले जातील. ते शब्द त्या घरात प्रथमच पोचत असतील, तर आपण कितीही सुंदर अक्षरात लिहिले तरी आपले काम आपण वेळेवर केले नाही, असेच त्या घराने म्हणावे.

— तृतीय वर्ष, कला